माळ्यावरचं काट्याचं मीटर: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात फॅनचा कंडेन्सर तपासायचं लिहिताना सहज म्हणून गेलो की हे काम डिजिटलपेक्षा जुन्या काट्याच्या मीटरवर (व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजायचं मल्टिमीटर हो) सोपं जातं, तर त्यावरच प्रश्नांचा ढीग आला, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी सगळीकडनं. म्हणजे अजून बऱ्याच घरात माळ्यावर नाहीतर दुकानाच्या ड्रॉवरमध्ये एखादं पडून आहे म्हणायचं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

सर, आमचे मामा उद्यमबागेत एका फौंड्रीत मेंटेनन्सला होते, रिटायर झाल्यावर त्यांचं जड काळं मीटर माझ्याकडं आलंय. दोन मोठे नॉब, वर चामड्याचा पट्टा, एव्हो ८ असं लिहिलंय. घरातलं डिजिटल प्लगमध्ये २३४ दाखवतंय आणि हे २२८ च्या आसपास. ते एक वेळ चालेल, पण मी एक छोटं सर्किट बांधलंय, तिथं डिजिटल बरोबर ६ व्होल्ट दाखवतंय आणि मामांचं मीटर ५ च्या पण खाली दाखवूलाय. बिघडलंय का? भंगारात घालू काय?
(एक वाचक, अनगोळ)

भंगारात घालू नका हो! मामांनी तुम्हाला चांगली वस्तू दिलीय. इंग्लंडमध्ये पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकॅडी नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यातनं हे निघालं, कारण लाइनवर जाताना अँपिअरचं एक, व्होल्टचं एक, ओहमचं एक अशी वेगवेगळी मीटरं वागवावी लागायची, १९२३ साली पहिलं एव्हो बाजारात आलं. तुमच्याकडचं मॉडेल ८ हे १९५१ चं, आणि ते २००८ पर्यंत बनत होतं, त्यामुळं तुमचा पीस नक्की किती जुना ते नुसतं बघून सांगता येत नाही.

आता २३४ आणि २२८ चं आधी संपवू. काट्याच्या मीटरची चूक टक्क्यात सांगतात, पण ते टक्के तुम्ही वाचलेल्या आकड्याचे नसतात, पूर्ण स्केलचे असतात, आणि इथंच बहुतेक लोक फसतात. समजा ३ टक्के आहे आणि तुम्ही २५० च्या रेंजवर आहात, तर काटा कुठंही असू दे, साडेसात व्होल्ट इकडं नाहीतर तिकडं चालतंय. म्हणजे तुमचा ६ व्होल्टचा फरक त्यात बसला. तेच तुम्ही १००० च्या रेंजवर २३० मोजायला गेलात तर चूक ३० व्होल्टपर्यंत जाणार, मग वीज कंपनीला फोन करून भांडायचं काही कारण नाही. रेंज अशी निवडायची की काटा स्केलच्या शेवटच्या तिसऱ्या भागात येईल. माहीत नसेल किती व्होल्ट आहे तर सगळ्यात वरच्या रेंजवर सुरू करायचं आणि एकेक खाली यायचं, उलटं नाही.

वाचताना एक डोळा झाकून, डायलवर जी आरशाची पट्टी असते तिच्यात काट्याचं प्रतिबिंब काट्याच्या मागं लपेल असं डोकं धरायचं. तिरकं बघून वाचलेल्या आकड्यावर वाद घालणारे मी लय बघितलेत. आणि मोजायच्या आधी वायरी मोकळ्या ठेवून काटा बरोबर शून्यावर आहे का बघा, नसला तर काट्याच्या बुडाशी एक छोटा स्क्रू असतो, तो हळू फिरवून आणायचा. मीटर आडवं ठेवून मोजणार असाल तर आडवं ठेवूनच शून्य करा, उभं करून शून्य केलं आणि आडवं ठेवून मोजलं तर थोडा फरक पडतोच.

तुमचा ६ व्होल्टचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि खरं तर तोच महत्त्वाचा. ते मीटर खोटं बोलत नाहीये. तुम्ही वायरी लावल्या त्या क्षणी तिथं खरोखरच ५ च्या खाली व्होल्टेज झालं, आणि मीटरनं ते इमानदारीत दाखवलं. असं कसं? काटा हलवायला करंट लागतो, आत कॉइल आहे, चुंबक आहे, करंट गेला की कॉइल फिरते, आणि तो करंट बॅटरीतनं येत नाही, तुमच्या सर्किटातनं येतो. एव्हो ८ चा काटा पूर्ण स्केल जायला ५० मायक्रोअँपिअर लागतात. त्यातनंच डायलवर डीसीसाठी २०,००० ओहम पर व्होल्ट असं लिहिलेलं असतं, १ भागिले ५० मायक्रो म्हणजे २०,०००. तो आकडा आणि रेंजचा गुणाकार करा, १० व्होल्टची रेंज म्हणजे २ लाख ओहम. एवढा रेझिस्टन्स तुम्ही सर्किटला जोडला, बस्स.

तुम्ही सर्किटचं चित्र पाठवलं नाही पण अंदाजानं सांगतो, १२ व्होल्टवर दोन १०० के (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टर एकाखाली एक लावले असतील, मधल्या पॉइंटला ६ यायला पाहिजे. खालच्या १०० के ला मीटरचे २०० के समांतर गेले की ते दोघं मिळून ६६.७ के होतात, आणि मधे उरतात ४.८ व्होल्ट. जुळतंय का तुमच्या आकड्याशी? डिजिटलचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगओहम (म्हणजे एक कोटी ओहम) असतो म्हणून तिथं ५.९७ येतंय, त्याला तुम्ही ६ म्हणताय.

ह्याची परीक्षा सोपी आहे आणि ही मी सगळ्यांना करायला सांगतो. तोच पॉइंट एकदा १० वर मोजा, मग २५ वर. १० वर ४.८ आलं आणि २५ वर ५.४ च्या वर आलं, म्हणजे रेंज वाढवल्यावर आकडा वाढला, तर समजायचं की मीटर सर्किटला दाबतंय. दोन्हीकडं सारखंच आलं तर आकड्यावर विश्वास ठेवा. बॅटरी, ॲडॅप्टर, ट्रॅक्टरची वायरिंग, घरचा प्लग असल्या ठिकाणी मागं ताकद असते, तिथं २ लाख ओहमनं काही फरक पडत नाही. ट्रान्झिस्टरच्या बेसवर, मोठमोठ्या रेझिस्टरांच्या मधे, तिथं डिजिटल घ्या. दोन्ही मीटरं ठेवायला काय हरकत आहे, घरात विळी पण असते की आणि सुरी पण.

अजून दोन गोष्टी एव्होच्या. त्यात एक कटआउटचं बटन आहे, काटा जोरात शेवटाला आदळला की ते बाहेर उडतं आणि मीटरचा सर्किटशी संबंध तुटतो. उडालं की आधी वायरी काढायच्या, चूक काय झाली बघायची, मग बटन दाबायचं. वायरी तशाच ठेवून परत परत दाबू नका. दुसरं म्हणजे वरची ओहमची रेंज चालत नसेल तर घाबरू नका, त्यात १.५ च्या मोठ्या सेलशिवाय एक १५ व्होल्टची छोटी बॅटरी लागते आणि ती आता आपल्याकडं दुकानात मागितली तर दुकानदार तोंड बघत बसतो. २०३२ नंबरचे ३ व्होल्टचे पाच बटन सेल एकावर एक ठेवून टेपनं घट्ट बांधले तरी १५ होतात. फक्त थेट सेलवर सोल्डर मारू नका, गरम होऊन फुगतो.

मी खानापूर भागात वायरमनची कामं करतो. एका घरात स्विच बंद केला तरी वायरीवर डिजिटल मीटर ७० व्होल्ट दाखवतंय, टेस्टर पण मंद पेटतोय. आमच्या वस्तादांचं जुनं काट्याचं मीटर लावलं तर काटा जागचा हलत नाही. कुणाचं ऐकू?
(एक वायरमन, खानापूर तालुका)

बहुतेक वेळा वस्तादांचंच. एकाच पाइपमधनं चालू वायर आणि बंद वायर बाजूबाजूनं लांब गेलेली असली की चालू वायरीतनं बंद वायरीत थोडं व्होल्टेज उतरतं, दोन्हीमधे कंडेन्सरसारखं होतं ना. त्याच्यामागं ताकद काहीच नसते, पण डिजिटलला १० मेगओहममुळं एवढंसंही पुरतं आणि निऑनचा टेस्टर पण तेवढ्यावर मंद पेटतो. काट्याचं मीटर त्याला दाबून टाकतं आणि ते भूत गायब होतं. इथं दाबणं फायद्याचं, वरच्या अनगोळच्या वाचकाला जे त्रासदायक होतं तेच.

पण सगळी काट्याची मीटरं इथं सारखी नाहीत हे लक्षात ठेवा. एसीला जुन्या जड मीटरात १००० ओहम पर व्होल्ट असतं, २५० च्या रेंजवर अडीच लाख ओहम, ती चांगली दाबतात. छोट्या जपानी टाइपच्या प्लॅस्टिक मीटरात एसीला ८-९ हजार पर व्होल्ट असतं, म्हणजे २५० वर वीस लाखांच्या वर, तिथं काटा थोडा उठून दिसू शकतो.

आणि तुमच्याकडं पावसाळा कसला असतो ते मी सांगायला नको, कणकुंबी-जांबोटीकडं भिंती महिनोन् महिने ओल्या असतात. ओल्या बोर्डातनं येणारं लिकेज हे भूत नसतं, ते खरं असतं. काटा जरा जरी उठला आणि उठलेलाच राहिला तर बोर्ड खोला, बघा. आणि काम करायच्या आधी मीटर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून बघा, मग बंद वायरीवर, मग परत चालू पॉइंटवर. काटा हलला नाही तो वायर बंद म्हणून, का मीटरची वायर आतनं तुटली म्हणून, हे तिसऱ्या मोजणीशिवाय कळत नाही.

आमच्या शेतात ५ एचपीची मोटर आहे, ऊस. रिवाइंडिंगवाला म्हणतो वाइंडिंग गेलंय. घरी काट्याचं मीटर आहे, त्यावर मला स्वतः तपासता येईल काय? आणि स्टार्टरमध्ये तीन फेजचं व्होल्टेज पण बघायचं होतं.
(एक शेतकरी, चिक्कोडी तालुका)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. ४१५ व्होल्टच्या स्टार्टरमध्ये जुनं मीटर घालू नका. ह्या मीटरांत आजच्यासारखा जाड फ्यूज नसतो, कितीतरींत अजिबात नसतो, वायरींचं रबर वाळून चिरलेलं असतं, आणि नॉब चुकून अँपिअरवर राहिला असला तर तुम्ही दोन फेज सरळ एकमेकांना जोडलेत. मीटर जाईल ते जाईल, पण हात आणि तोंड त्याच्यापासून वीतभरच लांब असतं. तीन फेजसाठी मीटरवर कॅट ३ (हा सुरक्षेचा दर्जा) लिहिलेलं, ६०० व्होल्टचं घ्या, किंवा वायरमनला बोलवा.

मोटर मात्र तपासता येते. मेन बंद, फ्यूज काढून खिशात (हो, खिशातच, नाहीतर कुणीतरी येऊन घालतो), मोटरच्या वायरी स्टार्टरमधनं सोडवायच्या. मीटर ओहमच्या एक्स १ वर (म्हणजे डायलवरचा आकडा तसाच ओहम), दोन्ही वायरी एकमेकांना लावून ओहमचा गोल नॉब फिरवून काटा उजवीकडच्या शून्यावर आणायचा, हे दर वेळी रेंज बदलली की परत करायचं. मग तीन वायरींच्या तीन जोड्या मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत, ते कमीच असतात, एक-दोन आकडी ओहम. एखादी जोडी वेगळी आली किंवा काटा हललाच नाही तर रिवाइंडिंगवाला खरं बोलतोय. मग एक्स १० के वर (आकडा गुणिले दहा हजार) एक वायर मोटरच्या बॉडीला, रंग खरवडून, आणि दुसरी वाइंडिंगला. काटा हलला तर करंट बॉडीत उतरतोय, मोटर बाहेर.

काटा हलला नाही तर मोटर चांगली आहे असं मात्र समजू नका. मीटरमध्ये ९ व्होल्टची बॅटरी आहे, वाइंडिंगवर येणार ४१५. ओल धरलेलं इन्सुलेशन ९ ला दाद देत नाही, ४१५ ला फाटतं. त्याला मेगर लागतं, म्हणजे मोठ्या व्होल्टेजवर इन्सुलेशन तपासायचं मीटर, ५०० व्होल्टचं, आणि त्यावर निदान १ मेगओहम तरी यायला पाहिजे. रिवाइंडिंगवाल्याला सांगा, माझ्यासमोर मेगर लाव. तो लावतो म्हणाला तर माणूस बरा आहे.

सर, मी निपाणीत मिक्सर, फॅन, इस्त्री रिपेरीचं काम करते. फॅनचा कंडेन्सर काट्याच्या मीटरवर बघायचं तुम्ही लिहिलं, पण रेंज कुठली ते लिहिलं नाही.

ताई, राहिलंच ते. फॅनचा कंडेन्सर बहुतेक २.५ मायक्रोफॅरडचा, त्याला एक्स १० के. आधी त्याची दोन्ही टोकं बल्ब लावलेल्या होल्डरच्या वायरींना लावून डिस्चार्ज करा. मग मीटर लावलं की काटा टपकन पुढं जाऊन हळूहळू मागं आला पाहिजे. वायरी उलट्या केल्या की उडी अजून मोठी. उडीच नाही, तर आतनं तुटलाय. शून्यावर जाऊन तिथंच बसला, शॉर्ट. मधेच कुठंतरी थांबला, लिकेज. वीसेक सेकंदात सगळं कळतं.

फक्त हे कळत नाही की २.५ चा आता १.८ झालाय का. फॅन हळू फिरायची तक्रार बरेचदा त्यामुळंच असते, आणि उडीत एवढा फरक डोळ्याला जाणवत नाही. दुकानात एक नवा कंडेन्सर ठेवून दोघांची उडी शेजारी शेजारी बघायची सवय लावा, आणि तरी शंका असेल तर नवा घालून बघा, काय ते लगेच कळतं. कपॅसिटन्सची, म्हणजे मायक्रोफॅरड मोजायची, रेंज असलेलं साधं डिजिटल घेतलंत तर अजून बरं, धंदा आहे तुमचा.

इन्व्हर्टर चालू झाल्यावर माझं काट्याचं मीटर १८० व्होल्टच दाखवतंय. डीलर म्हणतो २३० आहे. कोण बरोबर?
(शहापूर, बेळगाव)

दोघंही बरोबर असू शकताय, गंमत म्हणजे. तुमचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसणार. काट्याचं मीटर एसी मोजताना आतल्या डायोडनं त्याचं डीसी करतं, त्याची सरासरी काढतं आणि डायलवर १.११ पट करून लिहिलेलं असतं, कारण साइन वेव्हला तेवढंच गुणायचं असतं. वीज कंपनीची लाइन साइन असते म्हणून तिथं जमतं. स्वस्त इन्व्हर्टरची लाट पायऱ्यांची असते, समजा ३२५ व्होल्टवर अर्धा वेळ आणि शून्यावर अर्धा वेळ. त्याची उष्णतेची म्हणजे खरी आरएमएस किंमत येते २३०, पण सरासरी १६२ च्या थोडी वर, आणि १.११ नं गुणलं की १८०. नेमका तुमचा आकडा. मधे शून्य नसलेली सपाट चौकोनी लाट असती तर उलट ११ टक्के जास्त दाखवलं असतं. साधी डिजिटल मीटरं पण हीच चूक करतात, ट्रू आरएमएस लिहिलेलं मीटर पाहिजे. तुमच्या घरातला बल्ब लाइनवर आणि इन्व्हर्टरवर सारखाच पेटतोय का बघा, जुना तारेचा बल्ब, एलईडी नको. तो आरएमएसच बघतो.

मी डिप्लोमाला आहे, डायोड तपासताना काळी वायर ॲनोडला लावली की काटा हलतो आणि लाल लावली की नाही. पुस्तकात उलटं आहे. माझा डायोड उलटा छापलाय का?

डायोड बरोबर आहे बाळा. बहुतेक काट्याच्या मीटरांत ओहमवर गेलं की आतल्या बॅटरीचं प्लस काळ्या वायरीवर येतं. डिजिटलमध्ये प्लस लालवर. ट्रान्झिस्टर बघताना पण तेच, बीसी ५४७ सारखा एनपीएन असेल तर काळी वायर बेसवर ठेव, लाल एमिटरला आणि मग कलेक्टरला, दोन्ही वेळा काटा हलला पाहिजे. एक्स १ वर मीटर कधीकधी शंभर-दीडशे मिलिअँपिअर सोडतं, नाजूक वस्तू त्यावर नको, एक्स १० नाहीतर एक्स १ के वापर.

काच पुसली की काटा मधेच कुठंतरी अडकून बसतो, दुसऱ्या दिवशी आपोआप नीट होतो.
(वडगाव)

काच नव्हे, प्लॅस्टिक आहे ते. कोरड्या कापडानं घासलं की त्यावर स्टॅटिक चार्ज येतो आणि काटा ओढून धरतो, हिवाळ्यात जास्त. ओल्या फडक्यावर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घेऊन हलकं पुसा आणि तसंच वाळू द्या. पुसून चकचकीत करायचा मोह टाळा.

भंगारवाल्याकडं जुनी मीटरं दिसतात, दोनशे-तीनशेला. घ्यावं का, आणि घेताना काय बघावं?
(बऱ्याच जणांनी विचारलंय)

खिशात दोन पेन्सिल सेल घेऊन जा. पहिलं म्हणजे मीटर हातात धरून हळू डावी-उजवीकडं झुकवा, काटा थोडासा हलून परत आला पाहिजे, कुठं अडकत असेल तर ठेवून द्या, बाकी कितीही सुंदर असू दे. मग मागचं झाकण उघडा. सेल फुटून आत पांढरी-हिरवी पावडर असेल तर किंमत पाडायला चांगलं कारण, पण ती पावडर सर्किटपर्यंत गेलीय का बघा. पट्ट्यांवरच असेल तर साफ होते, जुन्या साध्या सेलची असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या इअरबडनं, अल्कलाइन सेलची असेल तर व्हिनेगरनं, शेवटी साध्या पाण्याचा हात आणि चांगलं वाळवणं.

मग सेल घालून ओहमवर शून्य होतंय का बघा. एक्स १ वर होत नाही पण एक्स १० वर होतंय तर एक्स १ चा रेझिस्टर जळालेला असू शकतो, कुणीतरी ओहमवर ठेवून २३० मध्ये घातलेलं, हे सगळ्यात कॉमन. नवे सेल घातले असतील तरच असं म्हणा, जुन्या सेलवर पण एक्स १ च आधी मरतं. एक्स १० के ला बरेचदा वेगळी ९ व्होल्टची लागते, ती नसेल तर त्याच्यावरनं काही ठरवू नका. शेवटी डीसी २.५ किंवा ३ व्होल्टच्या रेंजवर नवा सेल मोजा, १.५५ ते १.६ च्या आसपास यायला पाहिजे. एवढं सगळं झालं तर दोनशेला वाईट नाही. वायरी मात्र त्याच्यासोबतच्या वापरू नका, नवीन सेट घ्या, आणि घरी ठेवताना नॉब ऑफवर ठेवा, ऑफ नसेल तर डीसी करंटच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर, म्हणजे गाडीवर हिंदकळलं तरी काटा फार नाचत नाही आणि सेल पण उतरत नाही. पण मग पुढच्या वेळी प्लगमध्ये घालायच्या आधी नॉब बघायला विसरू नका.